नकाराचा कागद

अन्सू सान्यांगला उभ्या आयुष्यात 'नाही' म्हणणारी माणसं काय कमी भेटली? गावातून निघताना होडीवाला आधी नाही म्हणाला. स्पेनमध्ये अल्मेरियात पोचल्यावर खोलीवाला नाही म्हणाला, बँकेतली बाई नाही म्हणाली, एकदा तर चर्चबाहेर फुकट सूप वाटणाऱ्यानंही भांडं उलटं करून दाखवलं. आणि ज्या दिवशी त्याला मनापासून नकार हवा होता, नकारासाठीच तो रात्रभर बसमध्ये पाय मुडपून माद्रिदला गेला होता, नेमका त्या दिवशी त्याला 'हो' म्हणणारा माणूस भेटला. नशीब खोड काढायला बसलं की अशी काढतं.

अल्मेरियाकडे डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळी जमीन प्लास्टिकनं झाकलेली. त्या प्लास्टिकखाली टोमॅटो, ढोबळी मिरची आणि आमची माणसं पिकतात. अन्सू आठ वर्षं तिथं हिनेस नावाच्या शेतकऱ्याकडे राबत होता, पण अन्सू म्हणून नव्हे. कामाचा परवाना असलेला मूसा नावाचा एक माणूस फ्रान्सला निघून गेला होता, त्याच्या कार्डावर अन्सू काम करायचा. हिनेसला हे पक्कं माहीत होतं. तरी तो हाक मारायचा ती मूसा म्हणूनच. "मूसा, पाणी सोड. मूसा, दोऱ्या बांध." सुरुवातीला अन्सूला मागं वळून बघायला उशीर व्हायचा. पुढं पुढं तर कुणी अन्सू म्हटलं तरच उशीर व्हायला लागला.

त्या वसंतात तपासनीस वारंवार यायला लागले आणि हिनेस धास्तावला. त्यानं अन्सूला पंपाच्या खोलीत बोलावलं.

"हे बघ, मला तुझ्यासारखा माणूस मिळायचा नाही," तो म्हणाला. "तुझ्या खऱ्या नावानं करार देतो. परवाना काढ. पण मिरचीची लावणी सुरू व्हायच्या आत. त्यानंतर मला दुसरा बघावा लागेल. मी काही वाईट माणूस नाही, पण दंड भरायचा म्हणजे माझी जमीन जाते."

"होतं, मालक. मी करतो," अन्सू म्हणाला. काय करायचं, हे त्याला तेव्हा कुठं माहीत होतं?

आणि करणं तर भाग होतं. अन्सू निघाला तेव्हा त्याची बायको सिरे पोटुशी होती. मुलगी झाली, माइमुना. बापानं तिला फोनच्या काचेतच वाढताना पाहिलं. दात पडलेले पाहिले, नवे आलेले पाहिले. ती त्याला बाबा म्हणायची, पण इतरांनी शिकवलं म्हणून. आता सासऱ्यानं निरोप पाठवला होता: नवरा एवढी वर्षं आला नाही तर लेक परत नेण्याचा बापाला हक्क आहे, येत्या भाताच्या कापणीपर्यंत वाट बघतो, मग दुसरीकडे देतो. सासरा काही दुष्ट नव्हता. आमच्याकडे असंच करतात, आणि अन्सू त्याच्या जागी असता तर त्यानंही हेच केलं असतं. म्हणून तर राग तरी कुणावर काढायचा, हेही त्याला कळत नव्हतं.

परवान्याला पासपोर्ट लागतो. पासपोर्ट अन्सूकडे कधी नव्हताच. पासपोर्टाला जन्माची नोंद लागते. ती त्याच्या गावच्या कचेरीत होती, आणि लढाईच्या दिवसांत कचेरी जळली. नोंद नव्यानं करायची तर माणसानं स्वतः जायचं, दोन वडीलधारे साक्षीला न्यायचे. स्वतः जायचं म्हणजे स्पेन सोडायचं. सोडलं की परत यायला पुन्हा तीच होडी.

पण यातूनही एक वाट होती, आणि ती दाखवली रेमेदियोसनं. ही मजूर संघटनेची वकीलबाई. आवाज घोगरा, सिगारेट सोडल्याचं दर महिन्याला जाहीर करणारी. ती म्हणाली, "ऐक नीट. ज्याला त्याचा देशच कागद देत नाही, अशा माणसाला स्पेन स्वतःचं नोंदपत्र देतं. त्यावर कामाचा परवाना मिळतो, आणि घरी जाऊन परत यायचा कागदही मिळतो. फक्त तुझ्या वकिलातीनं लेखी द्यायला हवं की आम्ही याला पासपोर्ट देऊ शकत नाही. बास."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"देतात रे. तिथं पहिल्या खिडकीवर एक कंटाळलेला माणूस असतो. मान वर न करता शिक्का मारतो. तुझ्या आधी तिघांना दिलाय त्यानं. तू जास्त बोलू नकोस, एवढंच सांभाळ. कागद नाही, नोंद नाही, पासपोर्ट मिळेल का, असं विचार. तो म्हणेल नाही. तेच लेखी माग आणि घरी ये. गप्पा मारत बसू नकोस."

बाईनं अगदी बरोबर सांगितलं होतं. माद्रिदच्या त्या वकिलातीत दोन खिडक्या आहेत हे तेवढं सांगायचं राहिलं.

पहिल्या खिडकीसमोर अन्सू रांगेत उभा राहिला. कंटाळलेला माणूस जागेवर होता, जांभई देत शिक्के मारत होता. अन्सूपुढं दोनच माणसं उरली होती. तेवढ्यात त्याची नजर दुसऱ्या खिडकीवर गेली. काचेवर नाव होतं: लातीर फाय.

आता फाय म्हणजे सेरेर, आणि अन्सू जोला. या दोन जमातींचं नातं काय सांगावं? मेव्हण्या-मेव्हण्यांत चालते तशी चेष्टा, पण सगळ्या जमातीची सगळ्या जमातीशी. जोलानं सेरेरला गुलाम म्हणायचं, सेरेरनं जोलाला भातखाऊ म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. ओळख असो नसो. टोमणा आला की उत्तर द्यायचंच, गप्प राहणारा तो आपल्यातला नव्हेच. आणि मुख्य म्हणजे एकानं दुसऱ्याचं मागणं परत करायचं नाही. अन्सूला वाटलं, देवच पावला. परका कारकून कदाचित हेका धरेल, पण फायला माझं मागणं टाळता येणार नाही.

आणि तो रांग सोडून दुसऱ्या खिडकीपुढं गेला. इथंच सगळं संपलं. पण तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"काय रे," काचेवर टिचकी मारून तो म्हणाला, "माझे गुलाम आता खुर्चीत बसायला लागले वाटतं?"

फाय म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. त्यानं चष्म्यावरून वर बघितलं. दालनातली माणसं गप्प झाली आणि एकमेकांकडे बघून हसायला लागली.

"कोण बोललं?" फाय म्हणाला. "मला तर नुसता शिळ्या भाताचा वास येतोय."

"सान्यांग बोलतोय. उठून उभा राहा."

"सान्यांग? हा?" फायनं बाकीच्यांकडे बघून हात उडवले. "अहो, सान्यांग मला चांगले ठाऊक आहेत. टोप खरवडून खाल्ल्याशिवाय उठत नाहीत. हा बघा, नुसती हाडं. जोला म्हणवून घेतोय, पण असेल कुठला तरी भुरटा. चल, सांग बघू, कुठला तू?"

इथं त्यानं जीभ आवरायला हवी होती. कागद नाही, नोंद नाही, एवढंच म्हणून खाली बघायचं. बाईनं बजावलं होतं. पण आठ वर्षं जो मूसा होऊन जगला, त्याला भरल्या दालनात कुणी 'तू सान्यांग नाहीस' म्हणावं, आणि तेही एका सेरेरनं, आणि त्यानं गिळून बसावं? मी तरी बसलो नसतो.

अन्सूनं बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, पणज्याचं सांगितलं. खाडीच्या कुठल्या अंगाला घर, कुणाच्या विहिरीचं पाणी, सावरीच्या झाडाखाली कुणाचा म्हातारा निवाडा करायला बसतो, तेही सांगितलं. "आणि तुझ्या लोकांनी," तो म्हणाला, "आमच्या बंधाऱ्यावरून मासे चोरले होते, ते अजून परत आले नाहीत. तेही लिहून घे."

फाय हसता हसता थांबला. मग खिडकीशेजारचं दार उघडून बाहेर आला आणि त्यानं अन्सूला छातीशी धरलं. त्याची आत्या त्याच गावात दिली होती. त्या सावरीच्या झाडाखाली तो लहानपणी खेळला होता. त्यानं अन्सूला आत नेलं, चहा दिला, अन्सूच्या चुलत्याला फोन लावला आणि दोघं फोनवर एकमेकांना यथेच्छ शिव्या देत बसले. अन्सूला इतका आनंद आठ वर्षांत झाला नव्हता. तो रडला, आणि रडताना त्याला लाज वाटली नाही.

मग त्यानं मागणं घातलं. "मला लिहून दे, की मला पासपोर्ट देता येत नाही."

फायनं कप खाली ठेवला. "सेरेरनं जोलाला असं लिहून द्यायचं? दोघी बहिणी एका होडीत होत्या, होडी फुटली, एक तुमच्या किनाऱ्याला लागली नि एक आमच्या, आपण त्यांचीच लेकरं. लहानपणापासून हेच ऐकलंय ना दोघांनी? तुझं सगळं घराणं ऐकून घेतल्यावर मी नाही म्हणू?"

"नाही म्हणू नको रे. देता येत नाही, एवढंच लिही. वकीलबाईनं सांगितलंय."

"वकीलबाईला काय कळतं? मी तुला याहून चांगलं लिहून देतो."

आणि त्यानं दिलं. वकिलातीच्या जाड कागदावर, सुरेख भाषेत: अन्सुमाना सान्यांग हा आमचाच नागरिक असल्याची या कार्यालयाची पूर्ण खात्री आहे, जन्मनोंद सादर करताच त्यास पासपोर्ट देण्यात येईल. खाली सही, शिक्का, वर फीत. कागद हातात घेताना अन्सूला वकीलबाईचं बजावणं आठवलं. पण त्यावर त्याचं नाव होतं, पुरं नाव, बापाच्या नावासकट. आणि सेरेरनं प्रेमानं दिलेलं जोलानं परत करायचं नसतं.

"तुझं काम लवकर व्हावं म्हणून याची प्रत मी परस्पर तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत धाडतो," फाय म्हणाला. "जा भातखाऊ. पोरीला घेऊन एकदा मला भेटव."

रेमेदियोसनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"वाईट लिहिलंय का?" अन्सूनं विचारलं.

"फार सुंदर लिहिलंय. म्हणून तर मेलास तू." तिनं खण उघडला, सिगारेट शोधली, मिळाली नाही. "ज्याला देश नाकारतो त्यालाच इथलं नोंदपत्र मिळतं. तुझ्या देशानं तर तुला मिठी मारली, अन्सू. आता हे म्हणतील, तुमची वकिलात पासपोर्ट द्यायला तयार आहे, तो आणा."

"पण नोंद जळलीय. ती आणता येत नाही."

"ते तुझं तू बघ, म्हणतील."

"मग हा फाडून टाक. मी पहिल्या खिडकीवर जातो."

"प्रत कचेरीत पोचलीय ना."

त्या बाईनं कसूर केली नाही. तिनं लांबलचक अर्ज लिहिले. इकडे अन्सूच्या चुलत्यानं गावाकडच्या कचेरीच्या खेपा घातल्या, तिथल्या साहेबाला कोंबडा नेऊन दिला. साहेबानं कोंबडा ठेवून घेतला आणि सांगितलं, माणूस समोर उभा करा. उन्हाळा गेला. उत्तर आलं, बाई म्हणाली होती तेच शब्द, फक्त जास्त सभ्य. हिनेसनं लावणी दोन आठवडे लांबवली होती, अन्सूसाठी. मग त्यालाही थांबता येईना.

"मूसा," तो म्हणाला, आणि मग सुधारून, "अन्सू. माफ कर गड्या." नवा माणूस बाहेर पिशवी घेऊन उभाच होता.

अन्सू पुन्हा माद्रिदला गेला. या खेपेला टिचकी मारली नाही, हसलाही नाही. फायनं त्याला पाहून तोंड उघडलं, "ए भातखाऊ, आलास का..." आणि त्याचा चेहरा बघून तिथंच थांबला. अन्सूनं झालेलं सगळं सांगितलं. काचेपलीकडे म्हातारा ऐकत गेला आणि खुर्चीत लहान लहान होत गेला.

"मला वाटलं मी चांगलं केलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आता काय करू, सांग. काहीही माग."

"लिही, की तो सान्यांग नाही. खोटं बोलला. चौकशी केली, त्याला इथं कुणी ओळखत नाही."

"हे नको मागू. दुसरं काही माग, माझं घर माग."

"मी जोला आहे, लातीर. मी मागतोय. तुला नाही म्हणता येत नाही."

फायनं लेखणी घेतली, ठेवली, परत घेतली. "सेरेरनं जोलाला नाकारलं तर त्याचं भलं होत नाही, ठाऊक आहे ना? मला घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तुला घर तरी आहे," अन्सू म्हणाला.

फायनं लिहिलं. अक्षर सुरेखच. शिक्का मारला, कागद काचेखालून सरकवला, आणि अन्सूकडे न बघता मागच्या माणसाला म्हणाला, "पुढचे."

हवा होता तो नकार आता अन्सूच्या खिशात होता. त्यानं तो रेमेदियोसच्या टेबलावर ठेवला. तिनं जुना कागद फायलीतून काढून शेजारी ठेवला. तीच सही, तोच शिक्का. एकात हा आमचा आहे, दुसऱ्यात हा आमचा नाही.

"हा आधी आणला असतास तर आज परवाना हातात असता," ती हळू आवाजात म्हणाली. "आता हा दिला तर ते म्हणतील, हा माणूस नावं बदलतो. मग फसवणुकीचा गुन्हा. हा मी कुणाला दाखवणार नाही, आणि तूही दाखवू नकोस."

"म्हणजे आता मी कोण?"

बाईनं नवा कागद घडी घालून खणात टाकला. तिचे डोळे भरले, आणि तिचे डोळे भरलेले पाहून अन्सूची उरलीसुरली आशा गेली. तिला रडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

तो नीहार गावाच्या बाजूला एका दुसऱ्या शेतावर गेला. मालक वाईट, पगार अर्धा, राहायला फळ्या आणि प्लास्टिकची खोपटी. मूसाचं कार्ड दाखवलं, त्यांनी नीट पाहिलंही नाही. थंडी पडायला लागली तेव्हा सिरेचा फोन आला. एरवी ती माइमुनाला आधी बोलायला द्यायची. त्या दिवशी स्वतःच बोलली.

"माइमुनाचे बाबा, माझ्या बाबांनी कोला घेतला."

कोला म्हणजे एक कडू बी; मागणी घालणाऱ्याचा कोला बापानं घेतला म्हणजे लेक दिली. अन्सू खोपटीबाहेर मातीतच बसला.

"कुणाचा?"

"मिठागरवाल्याचा. माणूस बरा आहे म्हणतात."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, कापणी होऊ द्या. मग म्हटलं, मळणी होऊ द्या. तीही झाली. तुम्ही एकदा तरी आला असतात तर मी अजून दहा वर्षं बसले असते. हे खोटं नाही सांगत."

"माहीत आहे मला."

"पोरगी विचारते, बाबा येणार होते ना. तिला काय सांगू?"

अन्सूला खूप काही सुचलं. खिडक्या, शिक्के, लातीर फाय. पोरीला सांगण्याजोगं त्यातलं एकही नव्हतं.

"सांग, मी नाही म्हणालो म्हणून," शेवटी तो म्हणाला. निदान बाप कुणीतरी होता आणि त्यानं काहीतरी ठरवलं, एवढं तरी तिच्याकडे राहील, असं त्याला वाटलं. सिरे पलीकडे रडत होती. फोनचे पैसे संपेपर्यंत दोघं तशीच राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी खोपटीत एक नवा पोऱ्या आला. नुकताच होडीतून उतरलेला, ओठ अजून खारे. जेवणाच्या वेळी सगळे एका टोपाभोवती बसले होते. केब्बा नावाचा एक बडबड्या तिथं होता, त्यानं एकेकाची ओळख करून दिली आणि अन्सूकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हा जोला. सांभाळ रे, तू सेरेर ना?"

पोऱ्याचा चेहरा एकदम उजळला. इतक्या परक्या तोंडांत त्याला घरचं माणूस सापडलं होतं. तो सरसावून बसला आणि चमच्यानं टोपाच्या कडेवर ठोकून म्हणाला, "अरे ए भातखाऊ, आपल्या मालकासाठी काही ठेवलंस की सगळं गिळलंस?"

सगळे हसले आणि अन्सूकडे बघू लागले. आता तो काय उत्तर देतो, हे ऐकायला हात तोंडाशी नेलेलेही थांबले.

अन्सूनं घास संपवला, बोटं पुसली आणि उठला.

"तुझा काहीतरी घोटाळा झालाय, पोरा," तो म्हणाला. "माझं नाव मूसा. मी जोला नाही."